जनरेटरच्या गुणगुणीखाली

छाया काकडच्या बोटांवर कायम काट्यांचे बारीक ओरखडे असायचे. मखमलाबादला त्यांची दीड एकर गुलाबशेती होती. ती आणि तिचे वडील सावळीराम, तिचे नाना, पहाटे धुक्यात फुलं तोडत, ओल्या गोणपाटात बांधत, आणि वडील मोपेडवरून ती बाजारात पोचवत. मग आंघोळ उरकून साडेनऊला छाया गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हजर. मी तिथं शिकवायचे आणि ती मशिनी सांभाळायची. तिनं हाताळलेल्या कीबोर्डला दुपारपर्यंत गुलाबाचा वास असायचा. लग्न होऊन ती पिंपळगावला गेली होती आणि दोन वर्षांत परत आली होती. त्याबद्दल ती बोलत नसे, आम्हीही विचारलं नाही.

२००४ च्या जानेवारीतली गोष्ट. दुपारी एक ते तीन क्लास रिकामा असे. खिडकीतून ऊन यायचं, पंखे बंद, रस्ताही जरा पेंगुळलेला. एक दिवस डबा खाऊन झाल्यावर छायानं पिशवीतून जुना टेप रेकॉर्डर काढला, एक वायर काढली आणि म्हणाली, "प्रतिभाताई, कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर घेता येतो ना?"

"येतो. पण कशाची कॅसेट आहे?"

"आईची."

तिची आई चंद्रभागा गावातल्या देवीच्या देवळात भजनी मंडळात गायची. अठ्ठ्याण्णव साली काविळीनं आठ दिवसांत गेली. फोटो दोन, आणि ही एक कॅसेट, एवढंच मागं राहिलं. चौऱ्याण्णवच्या नवरात्रात, नवमीच्या दुपारी आई गायला बसली आणि नेमकी वीज गेली. देवळामागं जनरेटर लावला. एकोणीस वर्षांची छाया टेप रेकॉर्डर मांडीवर घेऊन खांबाशी बसली होती. त्यामुळे कॅसेटभर जनरेटरची घरघर, हार्मोनियमचा घुमारा, टाळांचा खणखणाट, आणि या सगळ्याच्या पलीकडं आई. मी ऐकलं तेव्हा वाटलं, दाट धुक्यात दूरच्या बांधावरून कुणीतरी हाक मारतंय. आवाज ओळखीचा आहे, पण शब्द पोचत नाहीत.

"मला ती जरा जवळ आणायची आहे," छाया म्हणाली.

आवाज कॉम्प्युटरवर आला. पडद्यावर त्याची हिरवी, दातेरी पट्टी उमटली आणि छाया कितीतरी वेळ नुसती तिच्याकडे बघत राहिली. "हे इथं आईनं श्वास घेतला," ती एका बारीक फटीवर बोट ठेवून म्हणाली.

आता ती पट्टी निवडायची, म्हणजे त्यातला कुठला सूर दाबायचा आणि कुठला उचलायचा, यासाठी सॉफ्टवेअर हवं होतं. आमच्या क्लासच्या मालकांना विचारलं तर ते हसले. "मोठ्या स्टुडिओत वापरतात ते घे की. त्याची सीडी बाजारात कुणीही कॉपी करून देतो." त्यांनी दुसऱ्या दिवशी आणूनही दिली. छायानं ती दोन दिवस पर्समध्ये ठेवली आणि परत केली. मी कारण विचारलं.

"चोरीच्या कात्रीनं आपल्या मळ्यातलं फूल तोडायला बरं नाही वाटत, ताई."

ते खरं विकत घ्यायचं म्हटलं तर गुलाबाचे दोन हंगाम लागले असते. मग तिनं एक लहान, परदेशी प्रोग्रॅम शोधला. महिनाभर फुकट वापरायचा, आवडला तर डॉलरमध्ये पैसे भरायचे. त्यात उभे दहा दांडे होते. पहिला अगदी खालच्या, जाड आवाजाचा, शेवटचा अगदी वरच्या, पातळ आवाजाचा. दांडा खाली ओढला की तेवढा आवाज कमी, वर ढकलला की जास्त. छायाला ते लगेच समजलं. ती म्हणाली, "वाफ्याला पाणी सोडल्यासारखं आहे. हे दार उघडायचं, ते बंद करायचं."

तीन आठवडे ती दुपारी हेडफोन लावून बसे. वरचा एक दांडा जरा खाली घेतला तर टाळ मऊ झाले. मधला उचलला तर आईचे शब्द वर आले. जनरेटरची घरघर तिसऱ्या दांड्यात होती, ज्यावर सव्वाशेचा, म्हणजे सेकंदाला सव्वाशे कंपनांचा, आकडा होता. एका दुपारी तो खाली ओढायच्या ऐवजी तिच्या हातून वर ढकलला गेला. जनरेटर कानात गरजला. मी समोर बसून पेपर तपासत होते. छाया दचकेल असं मला वाटलं, पण ती उलट स्थिर झाली. डोळे मिटले. मग हेडफोन काढून माझ्या कानाला लावला.

"त्या आवाजाच्या आत ऐका. कुणीतरी आहे."

आधी मला काहीच कळलं नाही. मग हळूहळू, पाण्याच्या तळाशी खडा दिसायला लागावा तसं, ऐकू आलं. एक पुरुषाचा आवाज. शब्द नव्हते. आई जिथं सूर लावायची, तोच सूर खाली, जाड, अखंड धरून ठेवलेला. आई थांबली की तो थांबत नव्हता. आई पुन्हा उठली की त्याच्यावर पाय ठेवूनच उठत होती.

"गाणारा पुरुष कुणी नव्हता मंडळात," छाया म्हणाली. "मागं फक्त नाना बसलेले. पण नाना गात नाहीत. मी जन्मात ऐकलं नाही."

आता अडचण झाली. सव्वाशेचा दांडा खाली घेतला की जनरेटरबरोबर तो आवाजही जाई. वर घेतला की दोघंही अंगावर येत. दहा दांड्यांना एवढं बारीक कळत नव्हतं; घरघर शंभराच्या आसपास होती आणि तो माणूस तिच्या जरासा वर, एकशे पंधरा-सोळाला. मध्ये बोटभर जागा. आणि फुकट वापरायचा महिनाही संपत आला होता.

तिसरा प्रोग्रॅम छायाला इंटरनेटवर सापडला. जगभरातल्या लोकांनी मिळून तयार केलेला आणि खरोखरच फुकट वाटलेला. आमच्या फोनच्या लाइनीवरून तो उतरायला अख्खी दुपार गेली. मधे दोनदा लाइन तुटली. छाया पडद्यावरची टक्केवारी बघत बसली होती, चुलीवरचं दूध बघावं तशी.

त्यात दांडे नव्हते. एक आडवी रेघ होती. तिच्यावर हवा तिथं ठिपका द्यायचा आणि रेघ खाली दाबायची किंवा वर उचलायची. पण ऐकत ऐकत बदलता येत नसे. बदल करायचा, थांबायचं, ऐकायचं, पटला नाही तर मागं यायचं. मालक म्हणाले, "हे काय, बैलगाडी आहे." छायाला चालत होतं. तिनं बरोबर शंभरावर एक अरुंद खड्डा केला. थोडा जास्त खोल झाला. मागं आली. पुन्हा केला. असे चाळीसेक खड्डे तरी झाले असतील. फेब्रुवारी संपत आला, बाहेर ऊन पांढरं व्हायला लागलं, आणि एका दुपारी जनरेटर निघून गेला. राहिली ती आई, स्पष्ट, जवळ, आणि तिच्या खाली तो माणूस.

रविवारी क्लास बंद असायचा. छायानं मालकांकडून किल्ली मागून घेतली आणि वडिलांना घेऊन आली. मला मुद्दाम बोलावलं होतं. सावळीराम फिरत्या खुर्चीच्या कडेवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. छायानं त्यांच्या कानाला हेडफोन लावला.

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. तो आधी हसरा झाला, मग लहान मुलासारखा एकाग्र झाला. मग त्यांचा हात आपोआप गुडघ्यावर ठेका धरायला लागला आणि मध्येच थांबला.

"नाना, मागं कोण आहे?"

"जनरेटर हाय."

"जनरेटर काढलाय मी. कोण आहे?"

त्यांनी हेडफोन काढला.  खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिला आधी सूर सापडायचा नाय. आवाज लय गोड, पण पेटीवाला कुठं, ही कुठं. लग्न झाल्यावर एकदा मळ्यात खुरपताना ती म्हणत होती, तर मी आपलं खालून नुसतं धरलं. ती लागली बरोबर. तवापासनं ती मी मागं बसल्याशिवाय तोंड उघडायची नाय."

"मग तुम्ही मंडळात का नाही गायलात?"

"तरुणपणी एकदा गायला बसलो तर लोक हसले. भसाडा म्हणले. मग बोललो, आपण नाय गायचं. पण धरून ठेवायला काय, ते कुणाला ऐकू जात नाय." त्यांनी टोपी घातली. "तू असं कर छाये, माझं काढून टाक. लोकांला तिचंच ऐकू दे."

छायानं हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. पुढच्या आठवड्यात तिनं एकशे सोळावरही खड्डा केला आणि गाणं सीडीवर उतरवलं. मला ती म्हणाली, "ताई, नानांना उचलून बाहेर ठेवल्यासारखं वाटलं."

मंडळातल्या नवसाबाईंच्या मुलाकडं सीडी प्लेअर होता. त्यांच्या ओटीवर दुपारी बायका जमल्या. मीही गेले होते. सावळीराम पायरीवर बाहेरच्या बाजूला बसले, चपला काढायलाही तयार नव्हते. सीडी लागली. चंद्रभागा गायला लागली, इतकी स्वच्छ की एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. ओटीवर कुणी हालेना. बाहेर कण्हेरीवर ऊन पसरलं होतं आणि तिचा आवाज त्या उन्हातून चालत गेल्यासारखा वाटत होता.

पण नवसाबाईंच्या कपाळावर आठी होती. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "छाये, आवाज तिचाच. पण ती कधी अशी अधांतरी गायली नाय. सावळीरामभाऊंचं काय केलंस?"

पायरीवर सावळीराम एकदम वळले. "माझं काय?"

"तुमचा खालचा सूर, भाऊ."

"तुम्हाला ठावं होतं?"

"आख्ख्या मंडळाला ठावं होतं," नवसाबाई म्हणाल्या. "तुमच्यावरच तर आम्ही सगळ्या लावून घ्यायचो. पेटीवाला एक नंबरचा बेसूर. तुम्हाला लाजायला नको म्हणून चंद्रभागेनं सगळ्यांला सांगून ठेवलं होतं, कुणी वळून बघायचं नाय."

 सावळीरामांनी गुडघ्यावर तळहात उघडा ठेवला. मग कुणाकडं न बघता म्हणाले, "आता खरंच ती एकटी पडल्यागत वाटती."

छायानं मूळ पट्टी जपून ठेवली होती. तिनं पुन्हा सुरुवातीपासून काम केलं. या वेळी शंभराचा खड्डा तेवढा ठेवला आणि एकशे सोळाला रेघ केसभर उचलली. त्या प्रती मंडळातल्या सगळ्या घरी गेल्या. त्या वर्षीच्या नवरात्रात बायकांनी सावळीरामांना बोलावलं. चार दिवस ते नाही म्हणाले. पाचव्या दिवशी बाजारातून आल्यावर कपडे बदलून देवळात गेले आणि सगळ्यांसमोर बसले. शब्द त्यांनी शेवटपर्यंत म्हटले नाहीत. सूर मात्र धरला.

मग लोक छायाकडं कॅसेटी आणायला लागले. कुणाच्या बारशाच्या, कुणाच्या आजोबांच्या भारुडाच्या, चांदवडच्या एका मास्तरांच्या निरोपाच्या भाषणाची. तिनं क्लास सोडला, स्वतःचा कॉम्प्युटर घेतला. प्रोग्रॅम तोच, फुकटचा. मधे कुणीतरी तिला महागडा घ्यायला सांगितला, तर ती म्हणाली, "माझा हात याच्यावर बसलाय."

२००७ मध्ये नाशिक सोडायच्या आधी मी तिला भेटायला गेले. निम्म्या मळ्यात प्लॉटचे दगड पडले होते, निम्म्यात गुलाब होता. पत्र्याच्या खोलीत ती हेडफोन लावून बसली होती. दिंडोरीच्या कुणा अनोळखी म्हातारीची कॅसेट चालू होती. मला बघून तिनं नुसता हात वर केला, थांबा म्हणून, आणि डोळे मिटले. मी दाराशी स्टूल ओढून बसले. बाहेर पाण्याचा पंप चालू होता, सावळीराम वाफ्याची दारं बदलत होते, आणि छाया कुणाचा तरी श्वास शोधत होती. मला घाई नव्हती.