घुले मिस्त्रींचा राहिलेला ठिपका

राधाकिशन त्रिंबक घुले (जन्म १९५१, नेकनूर, मृत्यू २०२२, नेकनूर) यांनी शेहेचाळीस वर्षे मोटारींची इंजिने दुरुस्त केली. इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे धातूचे झाकण, घासून आणले की त्याच्या कडेला ते पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, एक ठिपका मारीत. पुढच्या मिस्त्रीला कळावे, की येथून एकदा धातू गेलेला आहे. आणखी घासायचे तर जपून.

२०१८ च्या मार्गशीर्षात निवृत्त मुख्याध्यापिका विमलबाई जाधवर आपली जुनी फियाट घेऊन त्यांच्याकडे आल्या. गाडी त्यांचे दिवंगत पती सर्जेराव यांची; आता बाई ती स्वतः चालवीत. बीडहून परतताना मांजरसुंब्याच्या घाटात तिला दम लागू लागला होता, आणि मुलगा आदिनाथ याने बजावले होते, की पुन्हा घाटात अडकलात तर गाडी भंगारात जाईल.

घुल्यांनी दाब मोजला. चारही सिलिंडरांत तो सारखाच कमी भरला. नवे पिस्टन घालणे पेन्शनीत बसणारे नव्हते.

"रिंगा बदलतो, व्हॉल्व्ह बसवतो अन् हेड जरा घासून आणतो," ते म्हणाले. "आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. घाट चढंल."

"नक्की चढेल?"

"बाई, तुमी गाडी देताय का माझी परीक्षा घेताय?"

"परीक्षा तिचीच आहे, भाऊ. नापास झाली तर मला परत मिळायची नाही."

हेडाच्या कडेला ठिपका नव्हता. तेव्हा घुल्यांनी ते बीडला लेथवाल्याकडून नेहमीइतके घासून आणले. जोडणी झाल्यावर दोघे बीडपर्यंत गेले. सपाट रस्त्यावर गाडी अशी पळाली, की बाईंना हसू आवरेना. परतताना घाटाच्या दुसऱ्या वळणावर मात्र इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली, डब्यात खडे हलवावेत तशी. दाब प्रमाणाबाहेर वाढला होता. पेट्रोल वेळेआधीच पेटत होते. घुल्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली.

कठड्यावर टेकल्यावर त्यांना आठवले. २००६ साली हेच हेड त्यांनीच घासून आणले होते. सर्जेराव तेव्हा गाडी विकण्याच्या विचारात होते. "ठिपका नको मारू बे, गिऱ्हाईक भाव पाडंल," असे ते म्हणाले होते, आणि दोस्तीखातर घुल्यांनी हात आवरला होता. गाडी पुढे विकली गेलीच नाही.

पेट्रोल भेसळीचे निघाले, एवढे म्हटले असते तरी बाईंनी विश्वास ठेवला असता. घुल्यांनी सगळे सांगितले.

बाई दरीकडे पाहत म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून गिऱ्हाइकाला फसवायचं ठरवलं, आणि गिऱ्हाईक मी निघाले."

"व्हय."

"आदिनाथला काय सांगू?"

"मिस्त्री चुकला म्हणा. गाडी चुकली न्हाई."

ठिणगी किंचित उशिरा पडेल अशी करून त्यांनी गाडी सावकाश नेकनूरला आणली. मग तांब्याचा पत्रा विस्तवात तापवून मऊ केला, हाताने कापला आणि त्याचे नेहमीपेक्षा जाड गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी पट्टी, हेडाखाली बसवले. घासण्यात गेलेली जागा थोडी परत मिळाली. हेड चढवण्यापूर्वी कडेला दोन ठिपके मारले, पहिला बारा वर्षे उशिराचा. पुढच्या आठवड्यात चार माणसे घेऊन गाडी टकटक न करता, न थांबता घाट चढली. मागे बसलेल्या आदिनाथने भंगाराचा विषय पुन्हा काढला नाही.

घुल्यांनी मात्र आठवून आठवून अशीच भिडेखातर कोरी सोडलेली आणखी तीन हेडे शोधायला घेतली. दोन सापडली, त्यांवर ठिपके बसले. तिसरी गाडी नांदूरघाटला कोणाला तरी विकली गेली होती. आज गॅरेज त्यांचा पुतण्या जीवन चालवतो. त्या बाजूची जुनी गाडी आली, की तक्रार ऐकण्याआधी तो बॉनेट उघडतो आणि हेडाची कड फडक्याने पुसून पाहतो. ती गाडी अजून आलेली नाही.