बुजऱ्या झाडाची पाटी

“माणूस लाख चांगला हो… पर मोसंबीच्या कलमात त्यानं एकदा गोलमाल केलाच की.”

उत्तममामांच्या तेराव्याला त्यांच्याच रोपवाटिकेतल्या हौदापाशी दोन माणसं हात धूत बोलत होती. मी त्यांच्या मागेच पाण्याचा जग घेऊन उभी होते. बोलणारे रावसाहेबअण्णा होते. चितेगावच्या पुढे त्यांची शेती आहे. दुसरा माणूस म्हणाला, “जाऊ द्या आता,” आणि उपरण्याला हात पुसत निघून गेला. मी तोंड उघडलं. अण्णांनी वळून पाहिलं. वाढायला आलेली मुलगी समजून त्यांनी ओंजळ पुढे केली आणि मी तिच्यात पाणी ओतलं… एवढंच. अण्णा म्हणाले ते खरं नव्हतं. तिथे जमलेल्या पन्नास-साठ माणसांत ते नक्की कसं खरं नव्हतं, हे फक्त मला माहीत होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. शेतकीची पदविका घेऊन ते काही वर्षं सरकारी रोपवाटिकेत होते. मग नोकरी सोडून त्यांनी पैठण रस्त्यालगतच्या स्वतःच्या रानात मोसंबीची कलमं करायला सुरुवात केली. आमचं घर गारखेड्यात. शहरात काही काम निघालं की ते आमच्याकडे जेवायला थांबत. अशाच एका दुपारी आईनं माझं प्रगतिपुस्तक त्यांच्यापुढे टाकलं. मी इंग्रजी शाळेत सहावीत होते आणि दर वर्षी शिक्षिका शेवटच्या रकान्यात एकच वाक्य लिहीत: ‘शी इज अ शाय चाइल्ड.’ आईला ते वाक्य नापास झाल्यासारखं लागे. “एवढी चांगली शाळा, अन् पोरगी वर्गात तोंड उघडत नाही,” ती म्हणाली. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाक्य दोनदा वाचलं आणि हसले. “शाय? अगं, हा तर आमच्या धंद्यातला शब्द हाय!”

सरकारी रोपवाटिकेत एक जुनी इंग्रजी नोंदवही होती. तिच्यात कुणा जुन्या अधिकाऱ्यानं एकेका झाडाबद्दल शेरे लिहून ठेवले होते. जे झाड निरोगी असतं पण फळं थोडीच धरतं, त्याच्यापुढे ‘शाय बेअरर’ असं लिहिलेलं असे. हा शब्द मामांना इतका आवडला होता की स्वतःच्या झाडांच्या पाट्याही ते इंग्रजीतच लिहीत. विचारलं तर म्हणत, “गिऱ्हाइकाला वाचता येत नाय, मग ते उगा चौकशा करत बसत नाय.” त्या रविवारी त्यांनी मला रानात नेऊन एका झाडासमोर उभं केलं. “हे बघ, हे आपलं शाय. वर्षाला दहा-बारा फळं देतं. शेजारचं बघ कसं लगडलंय. पर ह्याला रोग नाय, कीड नाय. ह्याचा स्वभावच तसा.” मागून मामी येत होत्या. “स्वभावाला कशाला पाणी घालायचं? तोडा अन् चुलीत घाला,” त्या म्हणाल्या. मामांनी त्यांच्याकडे लक्ष न देता एक फळ सोलून अर्धं मला दिलं. ते खरंच गोड होतं, की त्या झाडाची बाजू घ्यावी म्हणून मला गोड लागलं, हे आता सांगता येणार नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झालाच नाही म्हणावं असा झाला. गारखेड्यात नळाचं पाणी आठवड्यानं येऊ लागलं आणि घराघरांच्या जिन्यांत निळी पिंपं उभी राहिली. मोसंबीला एरवी माणूस मुद्दाम पाणी तोडतो. झाडाला ताण देतो, पानं पिवळी पडली की पाणी सोडतो आणि मग बहार फुटतो. त्या वर्षी ताण आपोआप बसला, पण सोडायला पाणी नव्हतं. पैठण रस्त्यानं तोडलेल्या बागांची लाकडं भरून ट्रॉल्या जात. मामा टँकर आणत आणि आधी मातृवृक्षांना पाणी घालत. मातृवृक्ष म्हणजे ज्यांच्या डोळकाड्या कापून, त्यांच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब, दुसऱ्या रोपांच्या खुंटांवर भरून नवी कलमं करायची ती झाडं. त्याच ओळीत ते शाय झाडही होतं. मामांनी त्यालाही बादलीभर पाणी चुकवलं नाही.

नाताळच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला गेले. पत्र्याच्या पाट्यांवरची अक्षरं उन्हानं उडाली होती. माझं अक्षर चांगलं, म्हणून मामांनी मला पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश दिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला न बोलता करता येईल असं महत्त्वाचं काम दिलं होतं. मी सगळ्या पाट्या उतरवल्या, रंगवल्या, वाळवल्या आणि पुन्हा झाडांना बांधल्या. डोळे भरायला दगडूबाबा नावाचे म्हातारे कारागीर त्या हंगामात नवेच आले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. मामांनी त्यांना शाय झाडाच्या पाटीवरचं पहिलं एस हे अक्षर बोटानं गिरवून दाखवलं होतं. दगडूबाबांनी ते आपल्या पद्धतीनं लक्षात ठेवलं. “नागोबाचं अक्षर असलं की त्या झाडाला चाकू लावायचा नाय. समजलं, मालक.”

दुसऱ्या दिवशी मामा सकाळीच टँकरच्या खटपटीला गेले होते. मी ओळीतून चालत होते. दगडूबाबा एका झाडाच्या काड्या कापून ओल्या गोणपाटात गुंडाळत होते. मी त्या झाडाकडे पाहिलं आणि तिथंच थांबले. ते माझं शाय झाड होतं. त्याच्यावर मी शेजारच्या झाडाची पाटी बांधली होती आणि नागोबा शेजारच्या झाडावर बसला होता. “काय गं ताई, काय पायजे?” दगडूबाबांनी विचारलं. मी मान हलवली. संध्याकाळी मामा आले तेव्हा ओसरीवर चार अनोळखी माणसं चहा पीत बसली होती. मी दारापर्यंत गेले. मनात वाक्य तयार होतं… आधी इंग्रजीत, मग मराठीत. मामा म्हणाले, “काय बाळा?” चारही माणसांनी माझ्याकडे पाहिलं. “काही नाही,” मी म्हणाले. उद्या सांगू असं ठरवलं. उद्या डोळे भरून झाले. परवा मी गारखेड्याला परत आले.

ती कलमं पुढे रावसाहेबअण्णांनी नेली. दुष्काळाचं दुसरं वर्ष त्यांनी टँकरच्या पाण्यावर काढलं आणि ती झाडं पोरांसारखी जगवली. मी बारावीत असताना त्यांना पहिला बहार यायला हवा होता. तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही झाडाला चार-पाच फळं. मी तेव्हा सुट्टीला मामांकडेच होते. अण्णा आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “उत्तमराव, तुमच्या मोसंबीची सावली लई झक्कास पडती बरं का! आता खाली बाज टाकून झोपतो.” मामांनी त्यांना बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “चूक माझ्याकडून झाली, अण्णा. दुसरी कलमं देतो.” अण्णांनी ती घेतली नाहीत. ही गोष्ट मात्र गावोगाव गेली. हळूहळू मोसंबीची गिऱ्हाइकं तुटली. तोवर शहर पैठण रस्त्यानं पुढे सरकत आलं होतं. शेजारच्या रानात रो-हाउस झाली आणि मामा त्यांच्या अंगणांसाठी क्रोटनची शोभेची झाडं आणि लॉन विकू लागले. “गवत विकतो आता,” ते म्हणत, “ह्याच्या फळाची तक्रार येत नाय.”

अण्णा येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या ओळीत गेले होते. दोन्ही पाट्या आपापल्या झाडांवर परत गेल्या होत्या. तार नवी होती, अक्षर माझंच. म्हणजे मामांना कळलं होतं. मी दिवसभर वाट पाहिली, पण त्यांनी मला काही विचारलं नाही.

कॉलेजात मी इंग्रजी साहित्य घेतलं. ग्रंथालयातल्या जाडजूड शब्दकोशात एका दुपारी मी माझा शब्द काढला. हा शब्द आधी घोड्यांसाठी होता: सहज दचकणारा, बाजूला उडी मारणारा. मग सावध, अंतर राखून असणारा माणूस. मग भिडस्त. बागेतल्या कमी फळणाऱ्या झाडाला तो नंतर लागला, आणि एखादी गोष्ट थोडक्यात कमी पडली तर तिलाही. एकोणिसाव्या शतकातल्या बोलीत त्याला आणखी एक अर्थ होता: ज्याच्या व्यवहाराविषयी शंका आहे असा माणूस. मी मामांना फोन केला. शेवटचा अर्थ सांगितला नाही, घोड्याचा सांगितला. ते एकदम खूश झाले. “म्हणजे बुजरं! आपल्यात बी तसंच की. घोडं बुजतं, बैल बुजतो, अन् पोरगी बी बुजरी. माझ्या आजोबाचं घोडं नाल्यावरच्या पुलापाशी आलं की बुजायचं. आजोबा मारायचे नायत. खाली उतरायचे अन् लगाम धरून त्याच्या संगं चालायचे.” मग हळूच म्हणाले, “आता घोडं काय बोलून सांगणार, कशाला भ्यालं ते…”

मी घाईनं मामींची चौकशी केली. “हाय की,” ते म्हणाले. मग म्हणाले, “बरं, ठेवतो. पाणी सोडलंय.”

शेवटची भेट दवाखान्यात झाली. मी ठरवूनच गेले होते. खोलीत मामी होत्या, आई होती, नर्स ये-जा करत होती. मामांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, “कशी चालली नोकरी? बोलावं लागतं का तिथं?” मी म्हणाले, “थोडंसं.” ते हसले आणि त्यांचा डोळा लागला. ते जागे होईपर्यंत थांबायला हवं होतं. मी सातची बस पकडली.

तेराव्यानंतर तीन आठवड्यांनी मी मामींकडे गेले. त्या एकट्याच क्रोटनच्या पिशव्यांना पाणी देत होत्या. तेवढ्यात रावसाहेबअण्णा आले, आपल्या पुतण्याला घेऊन. पुतण्याला मोसंबी लावायची होती आणि जुन्या झाडांची कलमं मिळतील का, असं तो विचारत होता. अण्णा खुर्चीत टेकत हसून म्हणाले, “घे बाबा, पर झाडाची जात विचारून घे. आमाला एकदा इथून सावली मिळालीय.” त्यांच्या मनात आता राग नव्हता. ती त्यांची सवयीची थट्टा झाली होती. पण मामींनी पाइप खाली ठेवला आणि पदर नीट करायच्या निमित्तानं मान वळवली. मामा गेल्यापासून त्या किती जणांकडून हे ऐकत असतील… आणि किती वेळा त्यांनी अशीच मान वळवली असेल.

वाक्य इंग्रजीत आलं नाही, तयारही नव्हतं. मी अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले,

“अण्णा, मामांनी तुम्हाला फसवलं नाही. झाडांच्या पाट्या मी बांधल्या होत्या आणि मीच त्या उलट्यापालट्या केल्या. दुसऱ्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं होतं, काड्या कापताना मी तिथंच उभी होते. मी बोलले नाही. मामांना ते नंतर कळलं, अन् त्यांनी माझं नाव घेतलं नाही.”