मामांच्या हळिवाचं बी

हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. मामा तिचेच, म्हणून तर मुळीच नाही.

लोहाऱ्यात ओल धरणारी अशी एकही वस्तू नसेल, जिच्यात आमच्या मामेसासऱ्यांनी हळीव पेरलं नाही. बाळंतिणीच्या लाडवातलं तेच हळीव. पण मामांना लाडवाचा तिटकारा, त्यांना हवी त्याची कोवळी, झणझणीत पात. फुटका माठ, जुनं हेल्मेट, आंघोळीची बादली, सगळीकडं हिरवंगार. एकदा तर स्कूटरच्या सीटवर ओलं पोतं टाकून पेरलं आणि आठवडाभर स्कूटर ढकलत बाजाराला नेली. "बसलो तर रोपं दबतील की!" ती पात ते भाकरीशी कच्ची खात, पिठल्यावर चिरून घेत, आणि मामींची नजर चुकवून एकदा चहातही टाकली. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेली, त्यामुळं तिखटाचं मापही लोहारा-भूम गाडीच्या थांब्यांचं: माकणी म्हणजे जिभेचं टोक, धाराशिव म्हणजे घसा, आणि भूम म्हणजे नाकातून थेट टाळू. भूमला पोचणाऱ्या रोपांचंच बी धरायचं, असं आठ वर्षं चाललेलं.

लेकीच्या बाळंतपणाला मामा-मामी महिनाभर पुण्याला गेले. बियाची रोपं माझ्या हवाली. "जावईबापू, दोन वक्ताला पाणी. बाकी काय न्हाय."

मी विसरलो. आठवण झाली तेव्हा दाणा भरायच्या आतच सगळं वाळून गेलं होतं. मी किराणा दुकानातलं हळीव आणून मामांच्या बियाच्या बाटलीत भरलं.

परत आल्यावर मामांनी ते पेरलं, उगवल्यावर त्याचं पान चघळलं, डोळे मिटून थांबले. "माकणीलाच उतरलं." दुसरं पान. तिसरं.

मी पुटपुटलो, "हवा बदलली असंल, मामा."

"न्हाय ओ. बी तेच हाय. माझीच जीभ गेली."

"जीभ गेली म्हणं!" आतून मामी. "माझ्या आमटीला नावं ठेवाया बरी चालती!"

पण त्यानंतर मामांनी नावं ठेवणंही सोडलं, पेरणंही. आता जेवायला बसलं की मला हळूच विचारतात, "मीठ बरोबर हाय का ओ?" मी मान हलवली की निमूट जेवतात.

मामांची जीभ शाबूत आहे, बी मी बदललं. एवढं त्यांना सांगायचं मी देणं लागतो.