बारकीचं पेट्रोल जातं कुठं

ती माझी धाकटी बहीण. सख्खी, पाठची. या धक्क्यावर नाव चालवणारी बाई एकच, आणि ती माझी बहीण. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारा बढाया मारतो. मारणारच. ज्याच्याकडे आहे तो मारतो.

कागदावर नाव वेगळं आहे, पण घरात ती बारकी, म्हणून धक्क्यावरही बारकीच. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी बारकी.

नाव आमच्या वडिलांची. थोरला म्हणून ती माझ्याकडे यायची. पण मला बोट लागते. हसायचं काम नाही. नावाड्याचा मुलगा, आणि दोर सुटला की पोटातलं सगळं बाहेर. वडिलांनी लिंबू दिलं, आलं दिलं, शेवटी दोन थपडा दिल्या. मग म्हणाले, "तू जमिनीवरच बरा." मी गवंडी झालो. धक्क्याच्या ज्या पायऱ्या उतरून तुम्ही नावेत बसता त्या माझ्या हातच्या. इतकी वर्षं पाणी आपटतंय, एक दगड हललेला दाखवा. शाळा सातवीपर्यंत, पण माझी भिंत वाकडी आहे असं कुणाच्या बापाला म्हणता आलं नाही.

तर नाव बारकीकडे गेली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत या तीरावरून त्या तीरावर. माणसं, सायकली, भाजीच्या पाट्या, एकदा तर एक लोखंडी कपाट. मेहुणे रात्रपाळीचे वॉचमन. ते घरी यायचे तेव्हा ही निघालेली, ही यायची तेव्हा ते निघालेले. लग्न झालं म्हणायचं इतकंच. पण कुरकूर नाही. संध्याकाळी मी तिच्याकडे चहाला जायचो, तर ती भिंतीला टेकून बसलेली असायची, पायात अजून ओल्या चपला. "काढ की त्या," म्हटलं की म्हणायची, "काढते रे दादा. जरा बसू दे."

गेल्या वर्षी एक गोष्ट मला लागली होती. तिच्या स्वयंपाकघरातली फडताळं मी बांधलेली, छान उंचावर, उंदीर पोचणार नाही अशी. एक दिवस बघतो तर सगळे डबे खाली ओट्याखाली मांडलेले. वरची फळी रिकामी. "माझ्या फळीला काय रोग आला?" मी विचारलं. "काही नाही रे, हाताशी बरे पडतात." मी दोन दिवस चहाला गेलो नाही.

आता इंजिनाचं. धक्क्यावर तीन नावा चालतात आणि पेट्रोल नावाड्यांच्या संघाच्या शेडमधून मिळतं. कुणी किती नेलं ते सेक्रेटरी दर महिन्याला फळ्यावर लिहितात. सेक्रेटरी वाईट माणूस नाही. पूर्वी पोस्टात होते, तिथली इस्त्री अजून अंगावर आहे. तीन नावांपैकी एक हिरोची. पोरगा काळा चष्मा लावून नाव चालवतो म्हणून हिरो. त्याचं इंजिन नवं, बटण दाबलं की सुरू. दुसरी एका मुक्या म्हाताऱ्याची, त्याचंही नवं. बारकीचं तेवढं जुनं, ऑइल मिसळून चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं. नवं इंजिन पाळीनं मिळतं, तिची पाळी अजून यायची होती.

फळ्यावर बारकीचं पेट्रोल हिरोच्या जवळजवळ दुप्पट. एक महिना नाही, दोन नाही, सलग. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, हे मशीन राक्षस झालंय. काढून टाकावं लागेल." मशीन काढायचं म्हणजे पाळी येईपर्यंत नाव पालथी घालायची आणि बारकीनं घरी बसायचं. एकदा घरी बसलं की पाळी कसली येते?

मी शेडच्या दारात उभा राहून ओरडलो, "माझ्या बहिणीचं मशीन पीत नाही. लावा शर्यत!"

बारकी मागून म्हणाली, "दादा, कशाला? मला दमायला झालंय. काढतायत तर काढू दे."

"तू गप."

सेक्रेटरींनी सुद्धा मनावर घेतलं. ठरलं असं की हिरो आणि बारकी, दोघांच्या इंजिनाला एकसारखा कॅन लावायचा, मापून सारखंच पेट्रोल, नावेत सारख्याच वाळूच्या गोणी. पाण्यात रस्ता दाखवायला खांब रोवलेत, त्यांच्या कडेनं सरळ जायचं. पेट्रोल संपून जिथं इंजिन गचकेल तिथं थांबायचं. दुपारी गिऱ्हाईक नसताना, पाणी स्थिर असताना. मी पायरीवर बसलो. माझ्याच.

बारकी इंजिन चालू ठेवूनच आली. टाकीची नळी काढून कॅनची लावायची होती, तर तिनं इंजिन बंद न करता एका हातानं फटकन बदलली. तिसऱ्या नावेचा मुका म्हातारा सुद्धा मान हलवायला लागला. मी सगळ्यांकडे बघितलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात हात.

दोन्ही नावा गेल्या. हिरोची पाचव्या खांबाच्या जरा पुढे जाऊन थांबली. बारकीची त्याच खांबाशी, थोडी अलीकडे. फळ्यावर दुप्पट आणि पाण्यात फरक नावेच्या लांबीएवढा! मी टोपी उडवली. बारकीनं मात्र तिकडून हिरोला हाक मारली, "ए हिरो, जिंकलास ना? मग दोर टाक आणि ओढून ने मला."

"मावशी, तुमच्याकडे भरलेली टाकी आहे की!"

"असू दे. राजाला मान नको का?"

हिरो खूष. मला राग आला. वडिलांची नाव दुसऱ्यानं ओढत आणायची म्हणजे काय!

सेक्रेटरींनी दोन्ही कॅन उपडे करून बघितले आणि खाली ठेवले. मग हळूच म्हणाले, "मशीन तर पीत नाही. मग कुठंतरी पाणी मुरतंय."

मागून कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "पाणी नाही, पेट्रोल. बाटलीतून."

म्हणजे माझी बहीण पेट्रोल विकते. मी त्या माणसाच्या अंगावर गेलो. गुडघे साथ देत नाहीत म्हणून तो वाचला. बारकीनं माझा हात धरला, डाव्या हातानं. "चल दादा," एवढंच. संध्याकाळी विचारलं, रागावलो, शपथ घातली. ती म्हणाली, "उद्या बोलू. आज नको."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी धक्क्यावर. ठरवलं होतं, दिवसभर नावेत बसायचं आणि चोर शोधायचा. नळी फुटली असेल, टाकी गळत असेल, कोणी रात्री उपसत असेल. मला बघून ती म्हणाली, "तू? नावेत? पिशवी आणलीस का?"

"दोन आणल्यात."

मग ती इंजिनाकडे वळली आणि मला जे दिसलं ते असं. डावा पाय मागच्या फळीला लावला, दोरी डाव्या हातात गुंडाळली, उजवा हात पोटाशी धरला आणि सगळं अंग मागे टाकून दिलं, विहिरीत उडी मारावी तसं. इंजिन खोकलं. परत. परत. चौथ्यांदा लागलं तेव्हा ती खाली बसली होती आणि ओठ पांढरे पडले होते.

विचारायचं खूप होतं. पण तोंड पिशवीत होतं.

पलीकडे पोचलो. माणसं उतरली. नवी माणसं यायला अर्धा तास, कधी जास्त. हिरो बटण दाबून बंद करतो आणि चष्मा पुसत बसतो. बारकीनं बंद केलं नाही. इंजिन धडधडत राहिलं, निळा धूर, वास, टाकीतलं पेट्रोल उभ्या उभ्या जळतंय. अलीकडे आलो, तेच. जेवताना तेच. ती डबा खाते आणि शेजारी मशीन खातंय.

"बंद कर की," मी म्हटलं.

"बंद केलं तर चालू कोण करणार?"

मी तिच्या उजव्या खांद्याकडे बघितलं. तिनं हात वर करून दाखवला. छातीपर्यंत आला आणि थांबला, दार अडकावं तसा. मला माझी फळी आठवली. ओट्याखालचे डबे आठवले. काखेत कळसा आणि मी नळ्या तपासतोय.

"केव्हापासून?"

"झालं वर्ष. दिवसातून एकदाच ओढते. मग संध्याकाळपर्यंत बंद करत नाही." डब्याला झाकण लावत म्हणाली, "कान सुद्धा गेलेत रे दादा त्या आवाजानं. घरी गेले तरी डोक्यात चालूच असतं. सांगू नकोस कुणाला."

कारण नियम आहे. ज्याला स्वतःचं इंजिन सुरू करता येत नाही त्याला नाव द्यायची नाही. नियम बरोबर आहे. मधल्या धारेत बंद पडलं तर माणसं कोणाच्या भरवशावर? म्हणजे सांगितलं तर नाव जाणार. नाही सांगितलं तर चोर ठरून जाणार.

माझं तोंड कसं आहे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या संध्याकाळी शेडमध्ये पेट्रोलचा निकाल लावायला सगळे जमले तेव्हा मी तोंडात रुमाल धरून बसलो होतो. अजून मळमळत पण होतं. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, काय ते एकदा सांगून टाका."

बारकी उठली. "पेट्रोल मी विकत नाही. मशीन पण पीत नाही. माझा खांदा पितो." आणि हात वर केला, जाईल तेवढा. तो तसाच धरून उभी राहिली. "दोरी ओढवत नाही, म्हणून बंद करत नाही. वर्ष झालं. आता काय करायचं ते करा, मला घरी जायचंय."

कोणी हसलं नाही. हिरोनं चष्मा काढला.

सेक्रेटरींनी टेबलावर हात फिरवला. "मग नियमानं नाव थांबवावी लागेल, बाई. मला बरं वाटत नाही, पण..."

आता मी रुमाल काढला. "नियमात काय लिहिलंय? इंजिन सुरू करणारा नावेत पाहिजे. तो नावाडीच पाहिजे असं लिहिलंय?"

"तसं नाही, पण दुसरा माणूस आणायचा कुठून?"

"हा काय बसलाय."

"तुम्ही? तुम्हाला बोट लागते, साऱ्या धक्क्याला ठाऊक आहे!"

"लागू दे. तुमच्या अंगावर नाही काढणार."

तेव्हा मात्र सगळे हसले. सेक्रेटरीही. म्हणाले, तिची पाळी येईपर्यंत चालेल, पण नाव सुटेल तेव्हा तुम्ही नावेत पाहिजेत, प्रत्येक फेरीला. बारकी बाहेर आल्यावर म्हणाली, "मरशील, दादा." आणि चपला ओढत घरी गेली.

सकाळी मी पिशव्या घेऊन हजर. बाह्या वर केल्या. आयुष्यभर दगड उचललेत, दोरी ती काय! ओढली. काही नाही. परत ओढली. सात-आठ झाल्या असतील, दम लागला, आणि रोजचे उतारू शिंपीकाका कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बघतायत.

"चोक ओढ आधी," बारकी म्हणाली.

चोक ओढला. एका झटक्यात लागलं. मी शिंपीकाकांकडे बघितलं.

पलीकडे पोचेपर्यंत एक पिशवी भरली. माणसं उतरली. शिंपीकाकांनी गाठोडं काठावरच गिऱ्हाइकाला दिलं आणि परत यायचं म्हणून बसून राहिले. बारकीनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तिनं इंजिन बंद केलं.

आवाज थांबला. नाव दगडाला घासते ते ऐकू आलं. वर कोणीतरी झाडत होतं ते ऐकू आलं. बारकी दांडीला टेकली. बघता बघता मान कलली, तोंड उघडं पडलं. झोपली.

माणसं येऊन बसली. नाव भरली. शिंपीकाका म्हणाले, "सुटायचं ना आता?"

मी दोरी हाताला गुंडाळून बसलो होतो. म्हटलं, "सुटू. बसा जरा गप."