गच्चीवरचा भोंगा

आमच्या सोसायटीतले लोक लोणावळ्याला हवा खायला येतात आणि आल्या आल्या खिडक्या लावून एसी सुरू करतात. शनिवारी दुपारी यायचं, रविवारी संध्याकाळी जायचं आणि मधल्या वेळात तक्रारी करायच्या, एवढंच त्यांचं इथलं काम. बारा महिने राहणारी मी एकटीच. तीस वर्षं तळेगावच्या शाळेत मुलांना जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर इथे बाराव्या मजल्यावर येऊन राहिले. या मंडळींबद्दल मला काय वाटतं ते मी कधी लपवलं नाही. तेवढी त्यांची लायकीच नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्याच सोसायटीच्या समोरच्या, जरा बुटक्या इमारतीच्या माथ्यावर, पाण्याच्या टाकीखालच्या सज्जात शाहीन ससाण्यांची जोडी आली. हा खरा डोंगरकड्यांवरचा पक्षी. पण कड्याएवढ्या इमारती आणि खाली कबुतरंच कबुतरं म्हटल्यावर त्याला आणखी काय हवं? मादीने एक काडीही न आणता तिथल्या खडीतच तीन अंडी घातली. विटकरी रंगाची ती अंडी माझ्या बाल्कनीतून दुर्बिणीने स्पष्ट दिसायची. मी ही गोष्ट फक्त आमच्या वॉचमनला सांगितली. तो कार्ल्याचा, माझ्याच वयाचा, रोज दूध वर आणून द्यायचा आणि दुर्बिणीतून बघून जायचा. बाकीच्यांना कळलं असतं तर शनिवारी सगळी वरात मोबाइल घेऊन गच्चीवर चढली असती.

तेवढ्यात सोसायटीची मीटिंग भरली. विषय कबुतरांचा. बाल्कन्या घाण होतात, म्हणून अध्यक्षांनी मुंबईहून एक यंत्र शोधून आणलं होतं. गच्चीवर भोंगा लावायचा, त्यातून दिवसभर थोड्या थोड्या वेळाने शिकारी पक्ष्याचा आवाज येईल आणि कबुतरं पळतील. त्यांनी फोनवर नमुना ऐकवला. तो ससाण्याचाच आवाज होता, दुसऱ्याला आपल्या हद्दीतून हुसकावताना काढतो तो. खरा ससाणा डोक्यावर बसलेला असताना हे शहाणे त्याची नक्कल विकत घेत होते. मला हसू आवरेना. अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही विज्ञानाच्या. चालेल ना हे?"

"उत्तम चालेल," मी म्हटलं. घरी येऊन बहिणीला फोन केला आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

रविवारी त्या समोरच्याच गच्चीवर भोंगा लागला. पहिल्याच आवाजाला नर सूर मारून त्याच्यावर गेला. न दिसणारा कोणी तरी आपली जागा बळकावतोय असं त्याला वाटत असणार. दोन दिवसांत सवय होईल, असं मी धरून चालले. मंगळवारी मादीही अंड्यांवरून उठायला लागली. वॉचमन दूध घेऊन आला तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "बाई, दोगंबी भोंग्यावर धावून जात्यात. अंडी उगडी पडत्यात. सायबांना सांगा काय तरी."

मी अध्यक्षांना फोन केला. पण अंड्यांचं सांगायचं तर मीटिंगमध्ये मला सगळं माहीत होतं, हेही कबूल करावं लागलं असतं. म्हणून मी म्हटलं, आवाजाचा त्रास होतो. ते म्हणाले, लेखी तक्रार द्या, भोंग्याच्या पेटीची किल्ली माझ्याकडे आहे, शनिवारी येऊन बघतो. मी बरं म्हणून फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी भोंगा ओरडला आणि दोघंही उठली. ती परत वळायच्या आत चार-पाच कावळे सज्जात उतरले. वॉचमन माझ्याच बाल्कनीत उभा होता. पक्कड आणायला तो खाली पळाला, गच्चीवर जाऊन त्याने वायर तोडली, पण तोवर सज्जात नुसती टरफलं राहिली होती. मादी कठड्यावर बसून त्यांच्याकडे बघत होती.

तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. त्याने विचारलं, "बाई, मिटिंगीत तुमी व्हता न्हवं?"

"होते."

"मंग बोलला का न्हाई?"

आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मला त्या लोकांची फजिती बघायची होती, एवढंच खरं उत्तर होतं. शनिवारवाल्यांचा मी जन्मभर केला नसेल एवढा तिटकारा त्या क्षणी मला स्वतःचा आला. त्यांना निदान माहीत तरी नव्हतं.