एनची सोळा पानं

…तर वहिनी म्हणाल्या, "एन्ड्युअर करा, आई." आणि आमची आई, जिचे गुडघे पहाटेपासून ठणकत होते, ती विचारते, "ते कुठे मिळतं गं? आणि गरम करून लावायचं की तसंच?"

काल इथवर आलो आणि तुम्ही हसत सुटलात, म्हणून पुढचं राहून गेलं. हसा, हसा. मीसुद्धा तेव्हा पोट धरून हसलो होतो. पण वहिनींना अर्थ पक्का ठाऊक होता बरं का. सोसणे, सहन करणे, टिकाव धरणे. तिन्ही अर्थ त्याच क्रमाने, एका दमात. ई आणि एन या दोन अक्षरांनी सुरू होणारे शब्द त्यांना असे तोंडपाठ होते, आणि त्यापलीकडे इंग्रजीचा ठिपकाही माहीत नव्हता. एवढा खटाटोप कशासाठी, तर माझ्या बायकोच्या हेव्यापोटी.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा कायम फिरतीवर, त्यामुळे घर वहिनींच्या शब्दावर चालायचं. आम्ही दोघं एकाच ठिकाणी कामाला, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात. त्या घड्या घालणाऱ्या बायकांत आणि मी कापणीच्या मशीनवर. मी शाळेत चार यत्ता शिकलेला, वहिनी सहा. या दोन यत्तांच्या जोरावर घरातलं प्रत्येक पत्र, प्रत्येक पावती, औषधाची प्रत्येक बाटली आधी त्यांच्या हातात जायची. वहिनी चष्मा लावायच्या, घसा खाकरायच्या आणि मग वाचायच्या. आई तर हात जोडूनच बसायची.

मग माझं लग्न झालं आणि धाकटी सून घरात आली. ही मॅट्रिक. इंग्रजी घडाघडा वाचायची. आल्याच्या तिसऱ्या दिवशी आईने खोकल्याची बाटली थेट तिच्यापुढे धरली. वहिनी चष्म्याचं घर उघडून तयार बसल्या होत्या. ते त्यांनी पुन्हा मिटलं. टक् असा आवाज झाला. मला तो ऐकू आला, बायकोला नाही आला.

त्या दिवसापासून सुरू झालं. धाकटीने चहा केला की वहिनींना त्यात दूध कमी लागायचं. धाकटीने कपडे वाळत घातले की वहिनी मागून जाऊन चिमटे बदलायच्या. आई दिवसातून किती वेळा "धाकटीला विचारा" म्हणाली, याचा हिशेब रात्रीच्या जेवणाला ठरलेला. "आज सात वेळा," वहिनी भात वाढता वाढता म्हणायच्या. "काल पाच होतं. वाढतंय."

"वहिनी, तुम्ही मोजता?" मी म्हणालो.

"मी कशाला मोजू? कानावर पडतं."

पुढे माझ्या बायकोलाही आमच्याच कारखान्यात काम लागलं, तेव्हा तर विचारूच नका. घरातली आग कारखान्यात येऊन पोचली.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. मधोमध भलं मोठं टेबल, एका टोकाला माझं मशीन, आणि दुसऱ्या टोकाला खिडकीशी एक छोटं टेबल. त्याला आम्ही सोन्याचं टेबल म्हणायचो. तिथे पितळी अक्षरं तापवून पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी नाव उठवायचं काम चाले. आख्ख्या खोलीत पाठ टेकायची खुर्ची तेवढी एकच, उजेड सगळ्यात चांगला तिथेच, आणि त्या माणसाला मालकसुद्धा "अहो" म्हणायचे. तिथे बसणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराची नजर गेली आणि खुर्ची रिकामी झाली. अकरा वर्षं घड्या घालून बोटांना घट्टे पडलेल्या वहिनींना वाटलं, आता आपला नंबर. पण पुस्तकांची निम्मी नावं इंग्रजीत. मालक म्हणाले, "शब्दकोशाचं काम उरकू दे, मग बघू कुणाला बसवायचं." आणि म्हणताना त्यांनी बघितलं कुणाकडे? माझ्या बायकोकडे.

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या नुसत्या जळत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

तो शब्दकोश म्हणजे डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला आपल्या भाषेत अर्थ. छापखान्यातून मोठमोठे कागद यायचे. एका कागदावर सोळा पानं छापलेली, त्याला फर्मा म्हणायचं. हाडाच्या पट्टीने तीन घड्या घातल्या की सोळा पानं ओळीने लागतात. मालकांचा नियम असा, की ज्या बाईला जो फर्मा दिला तो तिने शेवटपर्यंत घडायचा. म्हणजे घडी तिरकी गेली तर दोष कुणाचा ते कळतं. वहिनींच्या वाट्याला आला चौदावा फर्मा. सोळाच्या सोळा पानं ई-एनची.

दीड महिना तेच कागद डोळ्यांखालून गेले. शाई फाकलेला एक कागद त्यांनी मालकांना विचारून घरी आणला, ओट्याच्या वर चिकटवला आणि चष्मा लावून भिडल्या. एन्चांट, मोहिनी घालणे. एन्क्लोज, कुंपण घालणे. एन्सर्कल, वेढा घालणे. भाजी चिरताना म्हणायच्या, कणीक मळताना म्हणायच्या. आणि नुसते म्हणायच्या नाहीत हो, वापरायच्या! दूधवाल्याने माप कमी घातलं तर "हे इनफ नाही." माळ्यावर ट्रंक चढवताना मला "एन्करेज करू नका, हात लावा." मधल्या एका पानावर एनिमी होता, शत्रू, वैरी. तो शब्द त्या मोठ्याने कधी वापरत नसत. पण धाकटी स्वयंपाकघरात शिरली की कढईकडे बघत पुटपुटायच्या. मी एकदा ऐकलं. सांगणार कुणाला? एकीकडे वहिनी, एकीकडे बायको.

बायको एकदा भाबडेपणाने म्हणाली, "जाऊबाई, मी शिकवू का तुम्हाला? आधी ए पासून घेऊ."

"ए तुझ्याकडेच ठेव," वहिनी म्हणाल्या. "माझं भागतंय."

"अहो, पण एवढ्या शब्दांवर टेबलाचं काम कसं होणार?"

तेव्हा वहिनी वळल्या. हातात लाटणं. "माझ्या सोळा पानांत सव्वीसच्या सव्वीस अक्षरं आहेत. मोजून घेतलीत मी. पितळी अक्षर उचलून लावायला ते ओळखता आलं म्हणजे झालं. अर्थ काय, तुझे सासरे येऊन विचारणार आहेत?" आमचे वडील जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

पण बोलणं खरं होतं हं. मी गंमत म्हणून एकदा साबणाच्या वेष्टनावरची अक्षरं विचारली, एकही चुकलं नाही. म्हटलं, वहिनी खऱ्या तयारीच्या आहेत. मग मला वात्रटपणा सुचला. विचारलं, "काय हो वहिनी, दुसऱ्याचं बरं बघून जो जळतो, त्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

त्यांनी वर कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "ते माझ्या फर्म्यात नाही."

आणि खरंच नव्हतं! बायकोने रात्री सांगितलं, तो शब्द एन्व्हियस, तोही ई-एननेच सुरू होतो, पण पंधराव्या फर्म्यात जातो.

घड्या संपल्या आणि जुळणी सुरू झाली. टेबलावर ओळीने सगळ्या फर्म्यांचे ढीग लावायचे, आणि जुळणी करणारीने टेबलाभोवती फिरत प्रत्येक ढिगातला एकेक उचलायचा. एक फेरी, एक पुस्तक. हे काम मालकांनी माझ्या बायकोला दिलं. तिथून सोन्याच्या टेबलापर्यंत किती पावलं, ते वहिनींनी डोळ्यांनी मोजलं असणार. त्यांना स्वतःला शिलाईला बसवलं होतं.

आता चूक कशी झाली बघा. अडाणी माणसाच्या हातून ती झालीच नसती. आमच्या बायका फर्मा ओळखायच्या पानाच्या तळाशी असलेल्या बारक्या आकड्यावरून. चौदा, पंधरा, सोळा. शब्दांकडे कोण बघतंय! माझी बायको शिकलेली, ती वर बघायची, शब्द वाचायची. एका सकाळी पंधराचा ढीग संपला आणि हमालाने त्या जागी चुकून चौदाचा नवा गठ्ठा आणून ठेवला. हिने बघितलं, वर ई-एन. पंधराव्याची सुरुवातही ई-एननेच. उचलला. बरोबर वाटला. अशा चाळीस फेऱ्या मारल्या, मग गठ्ठा संपला आणि पुढचा बरोबर आला. म्हणजे चाळीस पुस्तकांत चौदावा दोनदा, पंधरावा नाहीच.

ते गठ्ठे शिलाईला आले. इतर बायका मान खाली घालून दोरा ओढत होत्या. वहिनींनी तेरावा शिवला, चौदावा शिवला, पुढचा घेतला आणि हात थांबला. समोर एन्चांट, मोहिनी घालणे. पुन्हा?

हे सगळं मला नंतर कळलं. मला तेव्हा एवढंच दिसलं, की रोज शिवता शिवता पुटपुटणाऱ्या वहिनी त्या दिवशी चिडीचूप आहेत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, तसाच मिटला. बायकोने विचारलं, "जाऊबाई, बरं वाटत नाही का?" त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की ही आपली गुमान पाणी प्यायला निघून गेली.

तुम्हीच विचार करा. जुळणी त्या दिवशी संपणार होती आणि संध्याकाळी मालक टेबलाचा निकाल सांगणार होते. वहिनींनी तोंड उघडलं नसतं, तर काय झालं असतं? पुस्तकं कापली गेली असती. संध्याकाळी जुळणी संपताना पंधराव्याचे चाळीस उरले असते, बोंब झाली असती, आणि जुळणी कुणाची म्हणून माझी बायको उभी राहिली असती. एकदा पुस्तक कापलं की मधे फर्मा घालता येत नाही, ते रद्दीत जातं. चाळीस शब्दकोश वाया घालवणारीला मालकांनी खिडकीशी खुर्ची दिली असती होय? वहिनींना काही करायचंच नव्हतं. नुसतं शिवत राहायचं. शिवलंही त्यांनी. सुट्टीनंतर दीड तास त्या शिवत होत्या, तीच चुकीची पुस्तकं, घट्ट टाक्यांनी.

चहाच्या आधी पहिली बारा पुस्तकं माझ्या मशीनवर आली. मी रचली, चाक फिरवून दाब बसवला, पात्याच्या दांड्याला हात घातला. तेवढ्यात वहिनी स्टूल पाडून उठल्या आणि खोलीच्या त्या टोकावरून धावत आल्या. बावन्न वर्षांची बाई, पदर सुटलेला. थेट पात्याखाली हात घातला हो!

"थांबा, भावोजी!"

"वहिनी, हात काढा! बोटं जातील!"

"आधी चाक सोडा. पंधरा नाहीये यात."

मालक आले. एक पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं. "जुळणी कुणाची?" बायको पुढे झाली, म्हणाली, "माझी." मालकांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "वेळेवर सापडलं म्हणून बचावलो. घरची चूक घरातच निस्तरली. उसवा आणि लावा नीट." झालं. एवढ्यावर प्रकरण मिटलं.

आणि संध्याकाळी सोन्याचं टेबल कुणाला मिळालं? माझ्या बायकोला. मालक म्हणाले, चूक काय कुणाच्याही हातून होते, पण नाव वाचून अर्थ कळणारं माणूस आपल्याकडे एकच आहे. वहिनींच्या वाट्याला काय आलं, तर चाळीस पुस्तकं उसवणं. त्यांत स्वतःचेच घट्ट टाके.

बायको घरी येऊन त्यांच्या पाया पडायला गेली. वहिनींनी पाय आखडून घेतले आणि कूस बदलली. सलग आठ दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. टेबल मिळाल्यावर तर हेवा दुप्पट झाला होता. पुढे ती खुर्ची माझ्या बायकोने एकवीस वर्षं सांभाळली, आणि वहिनींनी एकवीस वर्षांत तिच्या हाताच्या एकाही पुस्तकाची सोनेरी पाठ चांगली म्हटली नाही. "शेवटचं अक्षर खाली आलंय," हे ठरलेलं.

पण मला राहवेना. उसवण्याच्या दुसऱ्या दिवशी मी मशीन बंद करून त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्या ब्लेडने दोरा तोडत होत्या, एकेक टाका. मी हळूच म्हणालो, "वहिनी, तुम्ही गप्प बसला असतात, तर आज खिडकीशी तुम्ही असता. मग का सांगितलंत? धाकटीची दया आली का?"

त्यांनी तोडलेला दोरा फुंकरीने उडवला आणि म्हणाल्या:

"दया? तिची? अहो, दीड तास मी मजेत शिवत होते. म्हटलं, होऊ दे फजिती. मग मनात आलं, उद्या कुणी पोर हे पुस्तक उघडेल, माझे शब्द वाचेल, पान उलटेल तर पुन्हा माझेच शब्द, आणि पुढचे गायब. ते म्हणेल, ही एनवाली कोण हावरट, दुसऱ्याच्या जागेवर येऊन बसली? जळते मी तिच्यावर, उद्याही जळेन, तुम्ही काय ते समजा. पण माझ्या सोळा पानांना कुणी नाव ठेवलेलं मला नाही चालायचं. आता सरका तिकडे, उजेड अडवू नका. मला आधीच इथे उजेड कमी आहे."