वेदीपाशी ठेवलेलं कोहळं

देवाचं ऐकणारी माणसं जगात पुष्कळ असतील; पण देवानं काही सांगितलं की लगेच पायात चपला सरकवून निघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि माझं नशीब असं की मी तिच्याच घरात भाड्यानं राहत होतो. आष्टीला माझी बदली झाली तेव्हा खोली दाखवायला आलेल्या शिपायानं मला बजावलं होतं, "घर झ्याक हाये साहेब, पाणी बारमाही हाये, पण बाई रोज पुस्तक वाचते." वाचणाऱ्या बाईची एवढी काय भीती, असं मला वाटलं. शिपाई नुसता हसला.

आमच्या घरमालकीणबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सत्तरी उलटलेली, लग्न केलेलं नाही. अर्ध्या तालुक्याला त्यांनी सुया टोचलेल्या, त्यामुळे त्यांच्यासमोर भलेभले अंग चोरून उभे राहत. रोज सकाळी सहाला त्या ओसरीवर बसत. मांडीवर जाडजूड शास्त्र, म्हणजे बायबल, आणि त्यावर रोजच्या मननाची पुस्तिका: एका तारखेला एक पान, एक वचन, खाली त्याचा खुलासा. मोठ्यानं वाचत. आता सकाळी देवाधर्माचं वाचणारी माणसं आमच्याही घरी होती. माझे वडील पोथी वाचता वाचता आईला भाजीत मीठ कमी असल्याचं सांगत. पण या बाईंचा नेम निराळा होता. वाचलेलं त्याच दिवशी करून दाखवायचं, आणि ते झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. "वाचलं म्हंजे झालं नाई बाबू," त्या मला म्हणायच्या, "गोळी हातात धरून ताप उतरते काय?"

हा नेम त्यांनी एकटीनं पाळला असता तर माझी काहीच हरकत नव्हती. पण डिसेंबरातल्या एका सकाळी वचन निघालं की ज्याच्याकडे दोन अंगरखे असतील त्यानं एक नसलेल्याला द्यावा. संध्याकाळी ऑफिसातून येतो तो माझा तपकिरी स्वेटर दूधवाल्याच्या अंगात! मी म्हटलं, "अहो बाई, तो माझा होता!" त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग? माह्याकडे एकच हाये. दोन तं तुयाकडे होते." यावर कोणता कायदा लावावा ते सरकारी नोकरीत असूनही मला सुचलं नाही. वर तो दूधवाला रोज सकाळी मलाच विचारायचा, "साहेब, हे गरम पाण्यानं धुवावं का थंड?"

दूधवालाही काही कमी नव्हता. दुधाचं निमित्त करून तो रोज पुरा पाठ ऐकायचा आणि घरची तीन एकर शेती असल्यामुळे मध्ये बोलायचा. बी पेरणाऱ्याची गोष्ट आली, त्याचं काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत, तेव्हा तो अगदी कासावीस झाला. "हा कसा कास्तकार बाई? वावर सोडून खडकावर बी फेकून राह्यला!" बाई चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, "म्हनून तं तो देव हाये. तू असता तं मोजून टाकलं असतं, आन् दुधात पानी बी मोजूनच टाकत असशीन." त्यानंतर चार दिवस दूध चांगलं घट्ट आलं.

जीभ आवरा, असं वचन आलं त्या दिवशी त्या सकाळपासून एक शब्द बोलल्या नाहीत. पण ताटावर उलथणं आपटून त्यांनी आळीतल्या पाच जणांना झापलं, आणि कोणाला काय म्हणायचंय ते प्रत्येकाला बरोब्बर कळलं. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणी ना कोणी फुलांच्या चित्रावर छापलेलं वचन टाकत असे. बाई प्रत्येकाला एकच उत्तर पाठवायच्या: "केलं काय?" दोन महिन्यांत निम्मा ग्रुप रिकामा झाला. पुस्तिका लिहिणाराही त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. समासात लाल पेनानं शेरे असत. धीर कसा धरावा यावर त्या बिचाऱ्यानं दीड पान लिहिलं होतं, त्याखाली बाईंचा शेरा: "लवकर आटपलं असतं तर बरं."

अशा बाईंचं पान एकदा अडलं. पाच आठवडे अडलं.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात चर्चमध्ये कापणीचा सण होता. शेतात, परसात जे पिकलं असेल ते माणसं या दिवशी अर्पण करायला आणतात. संत्री, तुरीच्या शेंगा, कपाशीची बोंडं, एखादा पाय बांधलेला कोंबडा. बाईंच्या न्हाणीवर वेल चढला होता, त्याला हे एवढं कोहळं धरलं होतं. ते उचलून न्यायचं काम अर्थातच माझं. सकाळी पाठ वाचताना त्या मध्येच गप्प झाल्या होत्या, ते माझ्या लक्षात आलं होतं. चर्चमध्ये वेदीपाशी पोचलो, मी कोहळं त्यांच्या हाती दिलं, आणि त्यांनी ते ढिगात न ठेवता बाजूला फरशीवर ठेवलं. मग सगळ्यांदेखत पाळकसाहेबांना म्हणाल्या, "हे अर्पण नाई. हे नुसतं इथी ठेवलं हाये. हात लावू नका." आणि तडक बाहेर!

मला काही कळेना. पण बाकी सगळ्यांना कळलं होतं, कारण सकाळी तेच पान त्यांनीही वाचलं होतं. अर्पण घेऊन वेदीपाशी गेलास, आणि तिथं आठवलं की तुझ्या भावाचं नि तुझं काही बिनसलंय, तर अर्पण तिथंच ठेव, आधी भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. बाईंनी पहिला अर्धा भाग तंतोतंत पाळला होता.

भाऊ होता तळेगावला. धाकटा. बसनं तासभरही लागत नाही, पण अकरा वर्षांत त्या तिकडे गेल्या नव्हत्या. कारण त्यांच्या आईचं शास्त्र. आई उतारवयात वाचायला शिकली, आणि जे आवडेल त्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढायची. ती गेल्यावर पुस्तक भावानं आपल्या पेटीत ठेवलं, मागूनही दिलं नाही. "वाचनारी मी, आन् पुस्तक त्याच्या पेटीत!" बाई म्हणायच्या. "कसर-वाळवी वाचून राह्यली असन."

मग रोज सकाळी तेच पान. दूधवाला कंटाळला. "बाई, आज बी तेच?"

"मंग काय करू? झालंच नाई ना ते."

मी म्हणायचो, "मग जाऊन या एकदा."

"त्यानं यावं."

"पण बाई, पुस्तकात तर—"

"पुस्तकात काय हाये ते मले माहीत हाये!" आणि दार धाडकन बंद.

तिकडे नाताळ जवळ आला. पाळकसाहेब रडवेले होऊन माझ्या ऑफिसात आले. "साहेब, तुम्हीच समजावा. मी काही बोललो की त्या मला लहानपणच्या इंजेक्शनची आठवण करून देतात." गव्हाणीचा देखावा मांडायचा होता आणि जागेवर कोहळं ठाण मांडून बसलेलं. त्यावर कापूस पसरून बेथलेहेमची टेकडी करावी, असं कोणीतरी सुचवलंही होतं. शिवाय ते बुडाशी नरम पडू लागलं होतं.

अशात बाजाराच्या दिवशी तळेगावचा एक संत्रीवाला सहज बोलून गेला, की तुमच्या भावाचे डोळे पार गेले, आता भिंत धरून चालतात. दुसऱ्या दिवशी बाई पांढरं लुगडं नेसून ओसरीवर तयार. "बाबू, सुट्टी टाक."

बसमध्ये त्या तयारी करत होत्या. "पह्यले म्हनीन, मी तुले माफ केलं. मंग म्हनीन, पन चूक तुईच होती."

"दुसरं वाक्य गाळलं तर?"

"मंग पह्यल्याले काय अर्थ राह्यला?"

अंगणात बाजेवर भाऊ बसला होता. मांडीवर आईचं पुस्तक उघडं. सून म्हणाली, रोज सकाळी असेच घेऊन बसतात, आम्हाला वाचून दाखवायला सवड कुठं होते? भावानं मान वर केली. "बाई आली काय? चाल तं तिचीच हाये."

बाई उभ्याच राहिल्या. पाठ केलेली दोन्ही वाक्यं कुठं गेली कोण जाणे. अकरा वर्षांनंतर त्या पहिलं बोलल्या ते हे: "पुस्तक उलटं धरलं हाये तू."

"मंग सुलटं करून दे ना."

त्यांनी ते सुलटं केलं, बाजेवर बसल्या आणि वाचू लागल्या. भाऊ मध्येच म्हणाला, "आईनं जिथी रेघ ओढली हाये तिथी सांगत जाय मले." मग त्या प्रत्येक रेघेपाशी थांबून सांगत राहिल्या. मी विहिरीकडे जाऊन उभा राहिलो. मला त्या दोघांपाशी बसवेना. परतीच्या बसमध्ये त्यांनी दोन्ही तिकिटं घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली. मग म्हणाल्या, "मी माफ कराले गेलती बाबू. त्यानं इचारलंच नाई काऊन आली."

रविवारी कोहळं एकदाचं अर्पण झालं, आणि बाईंचं मन फिरायच्या आत पाळकसाहेबांनी ते आत नेलं. नाताळ उरकला तशी बाईंनी आष्टीच्या घराची किल्ली माझ्याकडे दिली आणि तळेगाव गाठलं. रोज सकाळी भावाला वाचून दाखवायचं होतं. दोन पावसाळे त्यांनी ते केलं. मग भाऊ गेला.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या त्याच बाजेवर होत्या, मांडीवर आईचं पुस्तक. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "शेवटी पुस्तक तुमच्याकडे आलं."

"पायजेच होतं मले," त्या म्हणाल्या. "पन असं नाई."

मी म्हटलं, वाचा ना थोडं. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. थोड्या वेळानं थांबल्या, ओळीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "इथी आईची रेघ हाये." रेघ मला दिसत होती. त्या मला सांगत नव्हत्या.